कौलारू घरातले उंदीर आणि जोत्याखालची घूस : चतुर्थीपूर्वी बंदोबस्त कसा करावा?

अबोलीचीवेणी | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार. आमचे घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौले, मधोमध राजांगण. बाबा गेल्यापासून आई आणि मी दोघीच राहतो. आई ७६ वर्षांची आहे.

पहिला पाऊस पडला आणि माळ्यावर रात्रभर धावपळ सुरू झाली. कोठारात उकड्या तांदळाचे पोते खालून फाडले आहे, सोलांच्या बरणीचे प्लॅस्टिकचे झाकण कुरतडले आहे. मे महिन्यात उन्हात वाळवून भरलेले सगळे पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) धोक्यात आहे. सर्वांत जास्त भीती वाटते ती देवघराची. परवा निरांजनातली तुपाची वात ओढून नेलेली दिसली. सुदैवाने विझलेली होती. लाकडी माळ्याच्या घरात पेटती वात गेली तर काय होईल या विचाराने दोन रात्री झोप नाही.

गेल्या वर्षी दुकानातून विषाचे केक आणून माळ्यावर टाकले. उंदीर मेले, पण नेमके देवघरावरच्या फळ्यांमागे. चतुर्थीला चार दिवस असताना घरभर दुर्गंधी. कौले काढून शोधावे लागले, आईला जेवण जाईना. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. ज्यांनी जुन्या घरात खरोखर बंदोबस्त केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

चिरेबंदी | १२ जून, रात्री १०:२५

ताई, मी जुनी घरे दुरुस्त करण्याची कामे घेतो, त्यामुळे हा प्रश्न दर पावसाळ्यात समोर येतो. उपाय सांगण्याआधी एक विचारतो : तुमच्याकडे नेमके कोण आहे? कारण कौलावरचा उंदीर, पिटुकला घरउंदीर आणि घूस या तिघांचे वागणे वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

उद्या सकाळी लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान असतील तर तो पिटुकला. साधारण १२ मिलिमीटर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर कौलावरचा काळा उंदीर. त्याची शेपूट अंगापेक्षा लांब असते, तो माड, तारा, वासे यांवरून चालतो आणि जमिनीवर नाइलाजानेच उतरतो. घूस याच्या उलट. ती जमीन उकरते. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला की ती घूसच.

रात्री कोठाराच्या उंबऱ्यावर, भिंतीच्या कडेने थोडे तांदळाचे पीठ भुरभुरवा. सकाळी पाऊलखुणा कुठून आल्या, कुठे गेल्या ते कळेल. वाशांवर आणि भिंतीच्या माथ्याला काळसर तेलकट पट्टे असतील तर तो त्यांचा रोजचा रस्ता. अंगाचे तेल आणि मळ घासून तो डाग पडतो.

म्हादईकाठी | १३ जून, सकाळी ७:१५

मांजर पाळा. आमच्या घरी दोन आहेत, उंदीर दिसत नाहीत.

तिसरामजला | १३ जून, सकाळी ११:०२

आम्ही मडगावला फ्लॅटमध्ये राहतो. प्लगमध्ये लावायचे आवाजाचे यंत्र घेतले होते, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळतात म्हणतात तसले. पहिले तीन दिवस शांतता होती, नंतर उंदीर त्या यंत्राच्या शेजारून जाताना मुलाने पाहिला. त्यांना त्या आवाजाची सवय होते, आणि तो आवाज कपाटापलीकडे, भिंतीपलीकडे जातही नाही. पैसे त्यात घालू नका.

रात्रपाळी | १३ जून, दुपारी ३:३०

मी परिचारिका आहे. बंदोबस्ताचे इतर सांगतीलच, मला आधी तब्येतीचे सांगू द्या.

उंदीर-घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसाळ्यात त्याचे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून, डोळ्यांतून शरीरात शिरतात. शेतात, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करणाऱ्यांनाच होतो असे नाही. कोठार अनवाणी झाडणाऱ्या बायकांनाही होऊ शकतो. लागण झाल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत ताप येतो. अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल होतात. याला साधा ताप समजून चार दिवस घरी गोळ्या घेत बसलेले रुग्ण मी कावीळ आणि मूत्रपिंडाचा त्रास घेऊन आलेले पाहिले आहेत. वेळेत औषध सुरू झाले तर बहुतेक जण बरे होतात. म्हणून पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "घरात उंदीर आहेत, मी ते साफ केले आहे."

अबोलीताई, लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ श्वासात जाते. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी असे ताजे मिश्रण करून त्यावर शिंपडा, दहा मिनिटे भिजू द्या, मग जुन्या कापडाने पुसून ते कापड टाकून द्या. हातात मोजे, पायात बूट. आईला त्या खोलीत जाऊ देऊ नका. ज्या तांदळात लेंड्या सापडल्या तो तांदूळ धुऊन वापरण्याचा मोह टाळा.

अबोलीचीवेणी | १५ जून, रात्री ८:५०

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळीताई, तुमचे वाचून आजच बूट घातले. अर्धे पोते तांदूळ काढून टाकले. आई गप्प बसून होती. शेतातला तांदूळ टाकणे तिला फार लागते.

पीठ टाकून पाहिले. माळ्यावर निमुळत्या लेंड्या, भिंतीच्या माथ्यावर तेलकट पट्टा अगदी स्पष्ट. मागच्या अंगणात, न्हाणीच्या बाहेर जोत्याला लागून मातीचे दोन ढीग. शिवाय रात्री एक लांब तोंडाचे, उग्र वासाचे, चीं चीं करत भिंतीच्या कडेने पळणारे जनावर दिसले.

चिरेबंदी | १५ जून, रात्री १०:१०

शेवटचे ते चिचुंद्री. ती उंदीर नाही, दात वेगळे, खाणे वेगळे. झुरळे, किडे खाते. तिला सोडून द्या, तिची मदतच होते.

आता मुख्य गोष्ट. कौलारू घरात लोक एकच चूक करतात, सगळे घर बंद करायला जातात. ते होत नाही. प्रत्येक कौलाखाली फट असते, आणि ती असावीच लागते, नाहीतर हवा खेळत नाही आणि वासे कुजतात. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून, म्हणजे ६ मिलिमीटरमधून, पिटुकला उंदीर आत येतो. अंगठा जाईल एवढ्या, सुमारे १२ मिलिमीटरच्या भोकातून मोठ्या उंदराचे पिल्लू येते. एवढ्या सगळ्या फटी शंभर वर्षांच्या घरात कोण मोजणार? म्हणून मी घरमालकांना सांगतो, घराच्या आत एक घर बंद करा. तुमच्या बाबतीत कोठार, स्वयंपाकघर आणि देवघर. माळ्यावर उंदीर आला तरी या तीन खोल्यांत त्याला वाट मिळता कामा नये. खायला मिळाले नाही की माळा त्याच्या कामाचा राहत नाही.

कोठाराला वर फळ्यांचे छत असेल तर त्यावर ६ मिलिमीटर चौकटीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश जाळी ठोका. प्लॅस्टिकची मच्छरदाणीची जाळी उपयोगाची नाही, एका रात्रीत कुरतडतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे त्याला चुकत नाही. लाकूड, प्लॅस्टिक, फोम, चुन्याचा गिलावा काहीच त्याला अडवत नाही. फवारायचा फोम अनेक जण भोकात भरतात, तोही पोखरला जातो. भोक भरायचे तर सिमेंटमध्ये फुटक्या काचेचे बारीक तुकडे मिसळून भरा, जुने गवंडी हेच करत. पाइपाभोवतीच्या फटीत तारेचा घास कोंबून वर सिमेंट. घास स्टेनलेसचा घ्या, साधा आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात गंजून भुगा होतो.

दाराच्या तळाला बाहेरून पत्र्याची पट्टी. न्हाणीच्या मोरीला लोखंडी जाळी, आणि ती पाण्याने वाहून जाणार नाही अशी स्क्रूने बसवलेली. घुशीला तीच मोरी सर्वांत आवडते.

आणि ताई, बाहेर एक फेरी मारा. कौलांना कोणत्या झाडाची फांदी टेकते, कोणत्या माडाची झावळी लागते? कौलापासून दीड-दोन मीटर मोकळे हवे. पडवीला लागून लाकडे आणि सोडणांची (नारळाच्या सालींची) रास असेल तर ती हलवा. पावसाळ्यासाठी रचून ठेवलेले जळण हे त्यांचे बाळंतपणाचे घर असते. तीन आठवड्यांत एक वेत, वेताला सहा-आठ पिल्ले.

बंदरावरचा | १६ जून, सकाळी ६:२०

मी मुरगाव बंदरात अनेक वर्षे काम केले. धक्क्याला लागलेल्या जहाजाचे दोर बघा, प्रत्येक दोरावर पत्र्याची गोल चकती असते. उंदीर दोरावरून जहाजावर चढू नयेत आणि जहाजावरचे खाली उतरू नयेत म्हणून ती लावतात. पूर्वी जहाजांना उंदीरमुक्तीचा वेगळा दाखला लागायचा, आता जहाज स्वच्छतेच्या दाखल्यात ते येते.

ही कल्पना मी घरी वापरली. शिंक्याच्या दोरीवर पत्र्याची चकती अडकवली, मधे भोक, दोन्ही बाजूंना गाठ. चकती निदान एका फुटाची हवी, लहान असेल तर उंदीर कडेला पाय टाकून पलीकडे जातो. कपडे वाळत घालायच्या, कौलांपर्यंत जाणाऱ्या दोरीवरही तीच. विजेच्या तारेला मात्र स्वतः हात लावू नका, त्यासाठी वीज खात्याच्या माणसालाच बोलवा.

कुळागर | १६ जून, दुपारी १:४५

बंदरावरच्या काकांच्या चकतीचा भाऊ आमच्याकडे माडाला असतो. जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर खोडाभोवती गुळगुळीत पत्र्याचा पट्टा, रुंदी ४० सेंटिमीटर. उंदराची नखे त्यावर रुतत नाहीत. पण हे दूरदूर उभ्या असलेल्या माडालाच उपयोगी. कुळागरात शेंडे एकमेकांत गुंतलेले असतात, एका माडावर चढला की तो दहा माड फिरतो. देठाजवळ भोक पडलेले कोवळे नारळ खाली पडू लागले की समजायचे, वर कोणी तरी राहायला आले आहे.

घराशेजारचे एकटे माड असतील तर पट्टा नक्की लावा. लावताना खिळे कमी आणि घट्ट, वर्षातून एकदा सैल करून बघा, खोड वाढते. एला, जुने गोवे इथली केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे, बागायतीबद्दल शंका असल्या तर तिथे विचारता येते.

अजून एक. सरद (पावसाळी भात) पिकाची कापणी झाली की शेतातले उंदीर आणि घुशी निवारा शोधत वाड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, सरकतात. जूनमध्ये केलेले काम ऑक्टोबरच्या आत एकदा पुन्हा तपासावे लागते.

सत्तरीचामाणूस | १७ जून, रात्री ९:००

जाळ्या, पत्रे सगळे ठीक आहे, पण विषाशिवाय उंदीर संपत नाहीत. आम्ही दरवर्षी घालतो. ज्याच्या कोठारातले वर्षाचे धान्य जाते त्याला दया दाखवायला वेळ नसतो.

रात्रपाळी | १७ जून, रात्री १०:३०

दादा, तुमचे नुकसान मी समजू शकते. पण सगळी विषे एक नसतात, हे वाचणाऱ्या सर्वांनी लक्षात घ्यावे.

ट्यूबमधून मिळणाऱ्या काही मलमांत पिवळा फॉस्फरस असतो. त्यावर उतारा नाही. माणसाच्या पोटात गेले तर यकृत निकामी होते, आणि पहिला दिवस-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो म्हणून घरचे गाफील राहतात. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटात गेली की विषारी वायू तयार होतो, त्यावरही उतारा नाही. ही दोन्ही घरात आणू नयेत, मुलांच्या घरात तर नाहीच, आणि कोणाचे मन उदास असेल अशा घरातही नाही. हे मी अनुभवातून सांगते.

ब्रोमाडायोलोनचे केक रक्त गोठू देत नाहीत. त्यावर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, पण लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. मुलाने किंवा कुत्र्याने चावा घेतल्याची नुसती शंका असली तरी वेष्टन हातात घेऊन लगेच डॉक्टरकडे, पशुवैद्याकडे जा. ओकारी काढायला लावू नका.

कुळागर | १८ जून, सकाळी ७:४०

मला यात भर घालायची आहे. विष खाल्लेला उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो. तोवर तो मंदावलेला, उघड्यावर फिरतो, आणि घुबड, धामण, मांजर त्यालाच आधी धरतात. विष त्यांच्याही पोटात जाते. आमच्या गोठ्याच्या आढ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी होती. शेजारच्या बागेत सलग विष घातले त्या वर्षी एक घुबड झाडाखाली मेलेले मिळाले, दुसरे परत आले नाही. त्या विषानेच मेले हे मी सिद्ध करू शकत नाही, पण तेव्हापासून आमच्याकडे केक बंद आहेत. एक धामण दिसली म्हणून काठी घेऊन धावणाऱ्या शेजाऱ्यांनाही मी थांबवतो. ती बिळात शिरून पिल्लांसकट उंदीर खाते, एवढे काम कोणता पिंजरा करील?

सत्तरीचामाणूस | १८ जून, रात्री ८:१५

पिवळ्या फॉस्फरसचे माहीत नव्हते. आमच्याकडे तीच ट्यूब असते. नातू तीन वर्षांचा आहे. उद्याच हलवतो. ती उकिरड्यावर टाकावी की पुरावी?

रात्रपाळी | १८ जून, रात्री ८:४०

दोन्ही नको. मोजे घालून घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा, वर "विष" लिहा, आणि पंचायतीकडे किंवा पालिकेकडे घातक कचरा म्हणून द्या. तोवर कुलपात. विचारलेत ते फार बरे केलेत.

तिसरामजला | १९ जून, सकाळी १०:१०

चिकटपट्ट्यांबद्दल कोणी बोलले नाही. एकदा वापरल्या. उंदीर रात्रभर ओरडत होता आणि सकाळी त्याच पट्टीवर एक पालही अडकलेली. मुलगी रडली. खोबरेल तेल लावून पाल सोडवली, उंदीर वाचला नाही. पुन्हा कधी आणल्या नाहीत. मारायचेच असेल तर चाप बरा, क्षणात संपते.

अबोलीचीवेणी | ६ जुलै, रात्री ९:३०

तीन आठवड्यांचा वृत्तांत देते.

कोठाराच्या छतावर जाळी बसवली, दारांना पट्ट्या, मोरीला जाळी. आंब्याची कौलांवर आलेली फांदी आणि तिच्यावर चढलेला वेल काढला. तांदूळ, सोले, सुके बांगडे, सुंगटे सगळे पत्र्याच्या पिंपांत गेले. आई रोज रात्री निरांजन विझवून वात काढून पितळी डबीत ठेवते. कुत्र्याची थाळी संध्याकाळीच धुतो, आधी रात्रभर पडवीत असायची.

मात्र पिंजऱ्याने फार निराश केले. माळ्यावर दोन पिंजरे लावले, सहा दिवस एकही उंदीर नाही. खोबरे तसेच. माळ्यावर धावपळ चालूच. खूप दमलेय. काय चुकते?

चिरेबंदी | ६ जुलै, रात्री १०:४५

चुकत नाही, घाई होते. काळा उंदीर नवीन वस्तूला घाबरतो. रोजच्या वाटेत काही नवे दिसले की तो चार-पाच दिवस लांबून जातो. पिंजरे हलवू नका. दार तारेने बांधून उघडेच ठेवा आणि आत रोज ताजे खोबरे ठेवा, चुलीवर जरा भाजून, वास सुटेल असे. पहिले दोन दिवस खाणार नाही, मग पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग आत येऊन खाईल. तीन रात्री लागोपाठ खाल्ले की चौथ्या रात्री तार सोडा. खोबरे दोऱ्याने बांधा, नाहीतर ओढून नेतो. पिंजरा भिंतीला चिकटून, त्या तेलकट पट्ट्यावर ठेवा. मोकळ्या जागी मधोमध ठेवलेल्या पिंजऱ्याकडे तो फिरकत नाही. दोनाऐवजी पाच-सहा एकदम लावा, कारण एक अडकला की बाकीचे सावध होतात.

घुशीच्या बिळांसाठी संध्याकाळी सगळी तोंडे ओल्या मातीने लिंपा. सकाळी जे उघडलेले असेल तेच चालू बीळ. पिंजरा तिथेच, आणि मोठा, जाड तारेचा. लहान पिंजरा घूस वाकवते. ती गेल्याची खात्री झाली की बीळ खडी-काँक्रीटने भरा, पोकळ सोडू नका. जोत्याखालून माती गेलेली असेल तर भिंतीला तडा जातो, तो नुकसानीचा भाग लोकांच्या लक्षात उशिरा येतो.

म्हादईकाठी | ७ जुलै, सकाळी ७:३०

धरलेले उंदीर कुठे सोडता? आम्ही नदीपलीकडे सोडायचो.

चिरेबंदी | ७ जुलै, सकाळी ८:०५

ताई, नदीपलीकडेही कोणाचे तरी घर असते. आणि अनोळखी जागी सोडलेला उंदीर फार काळ जगत नाही. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवणे मात्र करू नका, मिनिटेच्या मिनिटे तडफडतो. मला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. म्हणून मी फटी बुजवण्यावर एवढा भर देतो. जेवढे कमी आत येतील तेवढे कमी मारावे लागतील.

अबोलीचीवेणी | २४ जुलै, रात्री ९:१५

तार बांधून ठेवण्याचा उपाय लागू पडला. चौथ्या रात्री तीन, पुढच्या आठवड्यात पाच. शेवटी चापच वापरले, आईशी बोलून. ती म्हणाली, "गणपतीचे वाहन आहे, त्याला तडफडवू नका, पटकन होऊ दे." जोत्याजवळ एक घूस मोठ्या पिंजऱ्यात मिळाली. दुसरे बीळ सलग सात दिवस लिंपलेले तसेच राहिले, मग काँक्रीट भरले.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नव्हती. शेजारचे घर बंद असते, मालक मुंबईला. त्यांच्या पडवीत जुनी पोती आणि चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) ढीग. फोन केला. त्यांना वाईट वाटले, साफ करायला माणूस लावायला सांगितले आणि पैसे लगेच पाठवले. ढिगाखाली दोन घरटी निघाली. वाड्यावरच्या चार घरांनी मिळून एकच रविवार ठरवला, सगळ्यांनी एकाच दिवशी जळण हलवले, मोऱ्यांना जाळ्या लावल्या. त्यानंतरचा फरक मला कानांनी कळला.

अबोलीचीवेणी | ३० ऑगस्ट, सकाळी ८:२०

काल गणपतीला निरोप दिला. माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या चौकटीला) चिबूड, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घोस, असोल्या नारळाची पेंड बांधली होती. दरवर्षी दुसऱ्या दिवशी चिबडाला दात लागलेले असायचे आणि आई ते कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून पाने पुढे सरकवायची. यंदा एकाही फळाला ओरखडा नाही. माटोळीची लाकडी चौकट ज्या दोऱ्यांनी टांगली त्यांवर बंदरावरच्या काकांच्या चकत्या होत्या, आरतीला आलेल्या मुलांनी त्या कशासाठी म्हणून विचारले.

माळ्यावर अजून कधी तरी एखादा येतो, ऐकू येतो. कोठारात मात्र जूनपासून एकही लेंडी नाही. दोन चाप कायम लावलेले आहेत, दर शनिवारी मोरीची जाळी बघते. सप्टेंबरअखेर, कापणीच्या आधी, जाळीचे स्क्रू पुन्हा आवळायचे आहेत.

चिरेबंदी | ३० ऑगस्ट, सकाळी ९:००

ताई, फार समाधान वाटले. स्क्रू काढाल तेव्हा गंज आला आहे का बघा, आला असेल तर स्टेनलेसचे घाला. आणि कोठाराच्या दाराची पट्टी पावसाने फुगलेल्या लाकडावर बसवलेली आहे. डिसेंबरात लाकूड आकसले की खाली फट पडेल. तेव्हा पेन्सिल घालून बघा.